भिंतीपलीकडचा आंबेमोहोर

कलकत्त्याच्या लोकांनी एके काळी मराठ्यांची अशी धास्ती घेतली होती की शहर वाचवायला त्यांनी खंदक खणायला घेतला. सुरुवात केली ती उत्तरेच्या टोकाला, बागबाजारात. खंदक अर्ध्यावर राहिला, आणि मराठे काही शहरात आले नाहीत. दोनशे वर्षांनी त्याच बागबाजारात एक मराठी घर नांदत होतं. घरातले कर्ते पुरुष शाळेत गणित शिकवत आणि न्हाणीघरात पाल दिसली की बायकोला हाक मारत. शेजारचे बंगाली त्यांना थट्टेनं 'बर्गी' म्हणत, म्हणजे लुटारू मराठा घोडेस्वार. श्यामराव घाटपांड्यांना हे फार आवडायचं. कुणी असं म्हटलं की ते छाती थोडी पुढं काढून बाजाराची पिशवी दुसऱ्या हातात घेत.

त्यांच्या बायकोला, प्रेमलताबाईंना, लग्नाच्या वेळी सांगण्यात आलं होतं की मुलगा कलकत्त्याचा असला तरी अस्सल पुणेरी आहे. सांगणाऱ्यानं काही फसवलं नव्हतं. श्यामराव जन्मले कलकत्त्यात, शिकले कलकत्त्यात. पुण्याला उभ्या जन्मात तीनदा गेले, त्यातल्या एका खेपेला पावसामुळे मामांच्या घराबाहेर पडताच आलं नाही. पण पुण्याबद्दल ते बोलायला लागले की पुण्यात राहणाऱ्यानं गप्प बसावं. पुण्यात राहणाऱ्याला निदान समोर पुणं दिसत असतं, त्यामुळे त्याला थोडा संकोच होतो. श्यामरावांना ती अडचण नव्हती.

घरामागे परसदार होतं आणि ते मात्र प्रेमलताबाईंचं होतं. एक आंबा, एक कडुलिंब, एक शेवगा, खाली अळूचे वाफे, मिरच्या, आणि साताऱ्याहून बी आणून वाढवलेलं कढीपत्त्याचं झाड. श्यामराव परसदारात वेताची खुर्ची टाकून बसत आणि झाडांना पाणी कसं घालावं ते सांगत. माघ सरला की आंब्याला मोहोर यायचा, शेवगा फुलांनी पांढरा व्हायचा, खारींची पळापळ सुरू व्हायची, दयाळ पहाटेपासून शीळ घालायचा. श्यामराव वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणायचे, "वसंत आला बरं का." जसं काही शाळेतून त्यांनीच रजा मंजूर केली होती म्हणून तो आला.

या सगळ्या मोहोरात आणि पाखरांत प्रेमलताबाई वीस-बावीस वर्षं मराठी बोलायला माणूस नाही म्हणून झुरत होत्या. नवऱ्याशी बोलावं, तर तो ऐकत नसे, शिकवत असे. मुलगी सरोज पंधरा वर्षांची, हुशार, पण तिचं सगळं शिक्षण बंगाली मुलींत. ती मराठी बोलायची खरी, पण विचार बंगालीत करून. "आई, आज मला भात खायची इच्छा करत नाही," म्हणायची. बालीगंजला पाच-सात मराठी बिऱ्हाडं होती, पण बालीगंज म्हणजे ट्रामनं शहराचं दुसरं टोक. सणावारी जाणं व्हायचं, तेवढंच.

आणि मग दोन वर्षांपूर्वी परसदाराच्या भिंतीपलीकडच्या घरात, तळमजल्यावर, वर्तकांचं बिऱ्हाड आलं. चारुदत्त वर्तक केंद्र सरकारच्या नोकरीत, मुंबईहून बदली होऊन आलेला. त्याची बायको शैला, भोरकडची, तेवीस वर्षांची, गोरी, बडबडी. पहिल्याच दिवशी ती भिंतीवरून डोकावून म्हणाली, "अगंबाई, कढीपत्ता! काकू, दोन पानं द्याल का हो? इथल्या बाजारात मागितला तर माणूस माझ्याकडे बघतच राहिला." प्रेमलताबाईंनी अख्खी डहाळीच मोडून दिली. श्यामराव म्हणाले, "झाडाला अशी इजा करू नये." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तेव्हापासून भिंत ही नावालाच भिंत राहिली. इकडून अळूची भाजी जायची, तिकडून थालीपीठ यायचं. शेवग्याच्या फुलांवरून दोघींचं दर वसंतात भांडण व्हायचं. बंगाली बायकांचं बघून शैलाला फुलांची भाजी करायची असायची, आणि प्रेमलताबाई म्हणायच्या, "अगं, फुलंच खाल्लीस तर आमटीत काय माझी बोटं घालशील? शेंगा कुठून येणार?" मग दोघी मिळून खालच्या फांदीवरची फुलं काढायच्या आणि वरची राखायच्या. कडुलिंबावर तांबट टुकटुक करत बसलेला असायचा. शैला म्हणायची, "काकू, हा माझ्या माहेरचाच आहे. असाच बसायचा मागच्या झाडावर."

माहेर म्हणायला आता भाऊ आणि वडीलच होते. आई नव्हती. त्यामुळे त्या वर्षी शैलाला दिवस गेले तेव्हा बाळंतपण कुठं हा प्रश्न पडला, आणि तो प्रेमलताबाईंनी एका वाक्यात सोडवला. "मी आहे ना!" त्यानंतर त्यांना असा उत्साह आला की काय विचारता! जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली, अळीव आणि डिंक आणायला मुंबईला निरोप गेला. चैत्रात आपल्याकडे हळदीकुंकू, त्यात शैलाची ओटी भरायची, श्रावणात बाळंतपण. मनातल्या मनात त्यांनी बाळाला न्हाऊमाखू घालून धुरीसुद्धा दिली होती. सरोजनंतर त्यांना दोन मुलं झाली आणि दोन्ही राहिली नाहीत, हे शैलाला माहीत होतं. ती बोलायची नाही, पण "आपलं बाळ" म्हणायची.

असं सगळं छान चाललेलं असताना श्यामरावांना वास आला.

फाल्गुनातली संध्याकाळ होती. दिवे लागायची वेळ. श्यामराव खुर्चीत बसले होते आणि बसल्या जागी ताठ झाले.

"अगं, हा वास!"

"कसला?"

"आंबेमोहोराचा! शिजलेल्या आंबेमोहोर तांदळाचा!"

प्रेमलताबाईंनी नाक वर केलं. खरंच की! गरम, मऊ, नुकतं झाकण काढलेल्या भाताचा तो वास. आंब्याच्या झाडाकडून, भिंतीकडून येत होता. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते दिवस रेशनचे. घरात शिजायचा तो रेशनचा लाल, जाडा, खडे असलेला तांदूळ, आणि त्याला वास यायचाच, पण गोणपाटाचा. आंबेमोहोर त्यांनी किती वर्षांत पाहिला नव्हता. एका प्रांताचा तांदूळ दुसऱ्या प्रांतात न्यायलाच बंदी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वास. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी पुन्हा. आता श्यामराव गणिताचे शिक्षक. त्यांच्यासारख्या माणसाला नुसता वास घेऊन स्वस्थ बसवेना. त्यांनी जेवताना सिद्धांत मांडला.

"बागबाजारात मराठी घरं दोन. बरोबर? आंबेमोहोर मराठी माणसाशिवाय कुणी खात नाही. आपल्या घरात तो नाही. मग तो कुठल्या घरात आहे?"

"अहो, काहीतरीच!"

"काहीतरीच नाही. शैलाचं माहेर कुठलं? भोर. भोरला काय पिकतं?" इथं त्यांनी वर्गात थांबतात तसे थांबून उत्तराची वाट पाहिली. सरोज खाली मान घालून जेवत राहिली. "आंबेमोहोर! तिचा भाऊ मागच्या महिन्यात आला होता. हात हलवत आला होता का? दोन ट्रंका होत्या. सिद्ध झालं."

"दिवस गेलेल्या बहिणीला भावानं मूठभर तांदूळ आणला तर तुमच्या पोटात का दुखतं?"

"पोटात कशाला दुखेल? आणला तर आणला. पण हा चारुदत्त सरकारी अधिकारी! तांदळावर बंदी घालणारं सरकार, त्याचा नोकर घरात चोरटा तांदूळ रांधतो, आणि तुझ्या त्या मानलेल्या लेकीला वाटीभर भात भिंतीवरून द्यावासा वाटत नाही. तू तिला अळू दे, कढीपत्ता दे, दुपटी शिव."

आता कायद्याची चाड हा श्यामरावांचा नवाच गुण होता. याच कायद्याला बगल देऊन आणलेली साखर सहा महिने त्यांच्या चहात विरघळत होती. पण त्याबद्दल बोलण्याची ती वेळ नव्हती.

प्रेमलताबाईंनी तो विषय झटकून टाकला. निदान त्यांना तसं वाटलं. पण संध्याकाळ झाली की वास यायचा, आणि वासाबरोबर नवऱ्याचं शेवटचं वाक्य यायचं. वाटीभर भात. खरंच, का नाही दिला पोरीनं? सगळं सांगते, नवऱ्याशी झालेलं भांडण सांगते, आणि हेच कसं सांगितलं नाही? त्यांनी आडून विचारून पाहिलं. "काय गं, भोरहून काही खाऊ आला की नाही?" शैला म्हणाली, "कुठला हो काकू, दादा आला तो माझ्या बाळंतपणाची भांडी आणि आईच्या साड्या घेऊन." आणि ती जरा गप्प झाली. प्रेमलताबाईंनी मनात नोंद केली: गप्प झाली.

मग त्यांनी जे केलं ते त्यांना पुढं आठवलं की अंगावर काटा यायचा. एका संध्याकाळी वास सुटलेला असताना त्या वाटीभर ताक घेऊन पुढच्या दारानं वर्तकांकडे गेल्या. शैला पलंगावर पडली होती. "उठू नकोस, मी ठेवते," म्हणत त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीवरच्या भाताच्या भांड्यावरचं झाकण उचलून आत बघितलं. रेशनचा भात. लाल, जाडा, त्यांच्या घरच्यासारखाच. मागं वळल्या तर शैला दारात उभी. प्रेमलताबाई ताक ठेवून घरी आल्या आणि श्यामरावांना म्हणाल्या, "साधा भात आहे." श्यामराव म्हणाले, "तुझ्या पायरवानं झाकला असेल दुसरा."

दुसऱ्या दिवशी शैला भिंतीशी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. प्रेमलताबाई मिरच्या तोडायचं निमित्त काढून सकाळ-संध्याकाळ भिंतीपाशी घुटमळायला लागल्या. मिरच्या संपल्या. पलीकडून भांड्यांचे आवाज यायचे, नळ वाहायचा, पण हाक यायची नाही. त्यांनी दोनदा हाक मारली, तर "बरं नाही काकू, पडलेय," असं उत्तर आलं. आंब्याला आता बारीक कैऱ्या धरल्या होत्या, कोकीळ दिवसभर ओरडून जीव नकोसा करत होता आणि प्रेमलताबाईंना दुपट्यांत सुई घालवत नव्हती. आपण झाकण उचललं ते तिला लागलं, हे त्यांना कळत होतं. पण जाऊन सांगायचं काय? तुझ्याकडे चोरीचा तांदूळ आहे का ते बघत होते, असं?

त्यात पाडवा आला. बालीगंजला मनोहरपंत नावाचे एक बँकेतले गृहस्थ होते, त्यांच्याकडे सगळी मराठी बिऱ्हाडं जेवायला जमत. प्रेमलताबाईंनी घरच्या कडुलिंबाचा कोवळा पाला आणि फुलं नेली होती. त्यांना आशा होती की गर्दीत, सणाच्या गडबडीत, शैलाचा हात धरता येईल. शैला आली होती, दूर कोपऱ्यात बसली होती, उतरलेली दिसत होती. प्रेमलताबाई उठून तिच्याकडे जाणार तोच पंगतीत भात वाढायला आला.

श्यामरावांनी भाताकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या चारुदत्ताकडे पाहिलं. मग वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मनोहरपंत, यांना जरा जपून वाढा हो. आपला रेशनचा भात यांच्या घशाखाली उतरायचा नाही. यांच्याकडे रोज संध्याकाळी आंबेमोहोर शिजतो. सरकारी माणूस, यांची ट्रंक कोण उघडतोय?"

दोघे-तिघे हसले. काही लोकांना कुणीही काहीही बोललं तरी हसायची सवय असते. चारुदत्ताचा चेहरा पांढरा पडला. त्या पंगतीत दोघे त्याच्याच कचेरीतले होते. चोरटा तांदूळ म्हणजे सरकारी नोकरावर किटाळ. तो पानावरून उठला नाही, तेवढं त्यानं अन्नाला मानलं. दोन घास खाल्ले, हात धुतले आणि शैलाला घेऊन निघून गेला. ट्रामनं परत येताना श्यामराव म्हणाले, "बघितलंस? खोटं असतं तर बोलला असता."

"तुमच्यासमोर कोण बोलणार?" प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पाडव्यानंतर आठवडा गेला असेल. दिवेलागणीला प्रेमलताबाई परसदारात कैऱ्या बघत उभ्या होत्या. हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं लागणार, पण कुणासाठी करायचं या विचारानं त्यांना झाडाकडे बघवत नव्हतं. वास सुटला. आज फार जवळून. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून एक लांबलचक, काळपट, मांजरापेक्षा मोठं जनावर चाललं होतं. झुबकेदार नाही, पण चांगली लांब शेपटी, तोंडावर काळा पट्टा. ते आंब्याच्या फांदीवर चढलं, बुंध्याला बूड घासलं, प्रेमलताबाईंकडे शांतपणे पाहिलं आणि पुढं गेलं. ज्या वाटेनं गेलं त्या वाटेवर गरम आंबेमोहोराचा घमघमाट राहिला.

प्रेमलताबाई पुढं झाल्या आणि बुंध्याला नाक लावलं. भात. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून तूप घालून खाल्लेला भात, तो त्या झाडाच्या सालीला येत होता.

"सरोज!" त्या ओरडल्या. सरोज धावत आली. तिनं एकदा वास घेतला, वर फांदीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे? हे तर भाम आहे, आई. रोज येते. मराठीत उदमांजर म्हणतात ना? तिच्या अंगालाच भाताचा वास असतो. इथं सगळ्यांना माहिती."

"मग कार्टे, बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बाबा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही," सरोज म्हणाली. "बाबांनीच सांगितलंय."

प्रेमलताबाईंना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. त्यांनी तशाच चार कैऱ्या तोडल्या, पदरात घेतल्या आणि पायात चपला न घालता वर्तकांच्या दाराशी गेल्या. चारुदत्त घरी नव्हता. शैलानं दार उघडलं, त्यांच्याकडे बघितलं आणि आत जाऊन पलंगावर बसली.

"शैला, ऐक. तुझ्या भाताचं झाकण मी का उचललं ते सांगायला आलेय. मला लाज वाटते, पण ऐक." आणि त्यांनी सगळं सांगितलं. वास, सिद्धांत, ट्रंका, उदमांजर. काही लपवलं नाही, आपल्याला वाटलेला संशयसुद्धा.

शैला ऐकत होती आणि तिचे डोळे मोठे मोठे होत होते. "म्हणजे तुम्ही नव्हता रांधत?"

"मी? मी कुठून रांधू?"

"काकू, मला रोज संध्याकाळी तुमच्या परसातून आंबेमोहोराचा वास यायचा. मला आधीच कसलेकसले वास येतात हल्ली. वाटायचं, काका मोठे, जुने इथले, कुठून तरी मिळवत असतील. वाटायचं, आज काकू वाटीभर पाठवतील. त्यांना माहितीय ना, मला किती आवडतो ते. रोज वाट बघायची. मग तुम्ही विचारलंत, भोरहून काही आलं का. मला वाटलं, स्वतः रोज खातात आणि मलाच विचारतात. आणि मग तुम्ही झाकण उचललंत. मला वाटलं, आमच्या चुलीवर काय शिजतं ते बघून हसायला आलात." ती हमसाहमशी रडायला लागली. "आई असती तर तिनं तोंडात घातला असता ना हो पहिला घास!"

प्रेमलताबाईंनी तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या. शैलानं एक कैरी तिथंच, मीठसुद्धा न लावता, कचाकचा खाल्ली. प्रेमलताबाईंचा जीव भांड्यात पडला. मिटलं एकदाचं, असं त्यांना वाटलं. "आता चैत्राचं हळदीकुंकू दणक्यात करू. पहिली ओटी तुझी," त्या म्हणाल्या.

शैलानं तोंड पुसलं. "काकू, आम्ही शनिवारी जातोय. नागपूरला बदली झाली यांची."

"बदली? अगं, चारुदत्त तर म्हणत होता, साहेबांना सांगून आणखी दोन वर्षं इथंच—"

"सांगितलं होतं. साहेब नागपूरला जा म्हणत होते, हे नाही म्हणत होते. म्हणायचे, तुला काकूंच्या हाती सोपवलीय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणीतरी विचारलं, काय वर्तक, तांदळाचा भाव काय? हे उठले आणि साहेबांना हो म्हणून आले."

"मागे नाही का घेता येत?"

"दुसरा माणूस निघालासुद्धा इकडे यायला," शैला म्हणाली. "नागपूरला नणंद आहे माझी. ती करील."

ती करील. प्रेमलताबाई घरी आल्या तेव्हा श्यामराव खुर्चीत होते. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. श्यामरावांनी ऐकून घेतलं, उठले, आंब्यापाशी गेले, बुंध्याचा वास घेतला, परत आले आणि म्हणाले, "म्हणजे वास होता. माझं नाक चुकलं नव्हतं."

"नाही हो. तुमचं नाक कधी चुकेल? तिचं शनिवारी जाणं तेवढं आता चुकत नाही."

बायको श्यामरावांशी असं बोलली नव्हती कधी. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोट-टोपी घालून वर्तकांकडे गेले. माफी मागायला म्हणून गेले. पण माफी मागायची कशी हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि आता वय झालं होतं. दारात चारुदत्त ट्रंकेला दोरी बांधत होता. श्यामराव म्हणाले, "यंदा आंबा चांगला धरलाय. कैऱ्या देतो काढून. न्या लोणच्याला."

"गाडीत जागा नाही, मास्तर," चारुदत्त म्हणाला. आत्तापर्यंत तो त्यांना काका म्हणायचा. श्यामराव परत आले आणि कोट न काढताच परसदारात बसून राहिले.

शनिवारी टॅक्सी आली. प्रेमलताबाईंनी पहाटे उठून आंबेडाळ केली होती, शैलाला समोर बसवून खायला घातली, दुपट्यांचं गाठोडं बांधून दिलं, तांदूळ-नारळानं तिची ओटी भरली. रेशनचेच तांदूळ होते ते, निवडून घेतलेले. चारुदत्त बाहेर टॅक्सीपाशी पाठ करून उभा होता, आत आला नाही. शैलानं प्रेमलताबाईंना नमस्कार केला, मग अवघडल्या अंगानं कशीबशी वाकून श्यामरावांना केला. "काका, आशीर्वाद द्या."

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर बोलणारा तो माणूस. 'अखंड सौभाग्यवती भव' एवढं तर पिंजऱ्यातला पोपटसुद्धा म्हणेल. श्यामरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझं चुकलं गं पोरी," एवढंच ते शेवटी म्हणाले, आणि तेही इतकं हळू की बाहेर उभ्या असलेल्या ज्याला ते ऐकायला हवं होतं, त्याला ते ऐकू गेलं नाही.

टॅक्सी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. प्रेमलताबाई दारात उभ्या होत्या. श्यामराव मागे येऊन उभे राहिले.

"पत्र पाठवील ना गं ती? बाळ झाल्यावर?"

"मला पाठवील," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तुम्हाला वाचून दाखवायचं की नाही, ते मी ठरवीन." आणि त्या आत गेल्या.